ब्रीडा केहोचा पहारा

माझी भावजय ब्रीडा केहो घरी आलेल्या माणसाला चहा देते, आणि तो गेला की त्याचा कप तिरपा करून बघते. अर्धा टाकला असेल तर हा माणूस चहाला आलाच नव्हता, दुसऱ्याच कशाला तरी आला होता, असं तिनं ठरवून टाकलेलं असतं. पूर्ण प्यायला असेल तर आणखीच वाईट. एवढा वेळ बसला कशाला मग?

मी टेसी डूली. ब्रीडाचा नवरा लार हा माझा धाकटा भाऊ. डब्लिनच्या दक्षिणेला, टल्लोच्या अलीकडे आमच्या गावात माझं खाटकाचं दुकान आहे, नवरा गेल्यापासून मीच चालवते. तोंडानं मी फटकळ आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण ब्रीडाबद्दल जे सांगतेय त्यात मीठमसाला घातलेला नाही. घालायची गरजच पडत नाही.

लारनं तिला लग्नाचं विचारलं तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ‘का?’ म्हणाली. मग सायकलवरून गावभर हिंडून आमच्या घराण्याची चौकशी केली. कुणी दारू पितं का, कुणी वेडं आहे का, विहिरीचं पाणी कसं आहे. चर्चच्या सोडतीत एकदा तिला अख्खा हॅम लागला, तर ती तो परत करून आली. ‘एवढ्या लोकांतून माझाच नंबर कसा काय निघाला?’ फादर कूगन बिचारे हात जोडायचे बाकी राहिले होते.

लारची साखरबीटची शेती आणि थोडी डुकरं. हिवाळ्याच्या तोंडावर बीट उपटायचं आणि साखर कारखान्याकडून पाळी आली की ट्रेलर भरून न्यायचं. तिथे मालातून एक नमुना काढतात. तो धुतात, बीटाच्या मुंड्या सुरीनं छाटतात, आणि जेवढी माती नि मुंड्या निघतील त्या हिशेबानं सगळ्या ट्रेलरवर घट धरतात. काटामारी होऊ नये म्हणून शेतकऱ्यांचा एक माणूस तिथे मुद्दाम उभा असतो, नजर ठेवायला. ब्रीडा त्या माणसावर नजर ठेवायला उभी राहायची. कोट, गमबूट, डोक्याला रुमाल, आणि हात कमरेवर. ट्रॅक्टरवर लारच्या बाजूला बसून प्रत्येक खेपेला जायची. ‘आल्या बघा इन्स्पेक्टरीणबाई,’ असं म्हणत माणसं हसायची. घट दर वेळी बरोबर निघायची, आणि दर वेळी तिचा संशय वाढायचा. ‘इतकं बरोबर कसं असेल गं टेसी? काहीतरी आहे बघ,’ असं मला म्हणायची.

मी हसायचे. पण त्या संशयानंच एक पोर जगवलं, हेही मला सांगितलं पाहिजे.

त्यांची मुलगी ग्रॉन्या. आमच्याकडे प्रत्येक बाळाच्या टाचेला सुई टोचून रक्ताचे थेंब कागदावर घेतात. त्यात कळलं की पोरीच्या अंगाला प्रथिनांमधला एक भाग पचवता येत नाही. त्याचा कचरा रक्तात साचत जातो. वेळीच आवरला नाही तर डोळ्यातलं भिंग जागचं सरकतं, हाडं ठिसूळ होतात, आणि एखाद्या दिवशी रक्ताची गाठ होऊन माणूस उभ्या उभ्या जातो.

हे ऐकलं आणि मला माझा थोरला भाऊ आठवला. डोनल. उंच, काटकुळा, लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. बीटाची विरळणी करता करता पडला तो उठलाच नाही. पंचविशीही गाठली नव्हती. माझ्या मांडीवर गेला तो. तेव्हाचे डॉक्टर म्हणाले, हृदय. ग्रॉन्याच्या वेळी डब्लिनच्या डॉक्टरांना मी त्याचा फोटो दाखवला. त्यांनी तो पाहिला आणि ‘हेच असणार’ म्हणून मान हलवली. म्हणजे घराण्याची एवढी चौकशी करूनसुद्धा ब्रीडाला जे कळायला हवं होतं ते कळलंच नव्हतं. आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं? आणि हा दोष आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो, नुसता आमच्याच घरातून नव्हे, असंही डॉक्टर म्हणाले. ब्रीडानं तेवढं वाक्य ऐकलं नसल्यासारखं केलं.

पण त्या दिवसापासून तिनं पोरीभोवती जो पहारा बसवला, त्याला तोड नाही. मांस नाही, अंडं नाही, दूध-चीज नाही. बटाटासुद्धा तराजूत तोलून. वेगळ्या पिठाचा पाव घरी भाजायचा. दवाखान्यातून मिळणारं एक घाणेरड्या वासाचं पेय दिवसातून तीनदा पाजायचं. दुकानातल्या बिस्किटाच्या पुड्यावर लिहिलेलं ती खरं मानायची नाही, कंपनीला फोन करायची. शाळेच्या सहलीला गेली तर बसच्या मागे मोटार घेऊन ही हजर! डब्लिनच्या आहारतज्ज्ञ हेनेसीबाई एकदा मला म्हणाल्या, ‘सगळ्या आया अशा असत्या तर आमचं अर्धं काम झालं असतं.’ ग्रॉन्याचे डोळे शाबूत होते. पोर हुशार, हसरी, हजरजबाबी.

ती बारा वर्षांची झाली आणि पथ्य पाळूनही रक्तातला आकडा वर सरकायला लागला. तेव्हा डॉक्टरांनी एक पांढरी पावडर सुरू केली. बीटेन तिचं नाव. साचणारा कचरा ती पुन्हा अंगाच्या कामाला लावते, असं हेनेसीबाईंनी समजावलं. मापाचा चमचा, वर सुरी फिरवून सपाट करायचा, पाण्यात विरघळवायचा, सकाळ-संध्याकाळ. आकडा झपझप खाली आला. दोन वर्षं सुखात गेली. ब्रीडा जेवढी सुखात राहू शकते तेवढी.

मग बीटाच्या हंगामाच्या तोंडावर पॅरिश हॉलमध्ये पशुखाद्याच्या एका कंपनीचा माणूस आला. चहा, सँडविच आणि भाषण. डुकरांच्या खाद्यात हे घाला, म्हणाला, चरबी कमी होते, मांस भरतं. कोंबड्या उकाड्यात धापा टाकतात, त्यांच्या अंगात पाणी टिकवून धरतं. माशांच्या खाद्यात घातलं तर मासे तुटून पडतात. ‘आणि या वस्तूचं नाव आहे बीटेन. कुठून येतं माहीत आहे? तुमच्याच बीटातून! साखर काढल्यावर जी मळी उरते ना, तिच्यात असतं हे.’

ब्रीडा उठून उभी राहिली. लारनं तिचा कोट ओढला, पण ती कुठली बसते?

‘म्हणजे बीट आमचं, मळी आमच्या बीटाची, आणि तुम्ही ते पांढरं करून आम्हालाच विकणार?’

‘बाई, आम्ही ते शुद्ध करतो.’

‘शुद्ध करताना काढून काय घेता?’

हॉल हसून हसून आडवा झाला. तो माणूसही हसला. ब्रीडा हसली नाही. परतताना रस्त्यात तिनं माझा दंड धरला.

‘टेसी, पोरीच्या डब्यातलं आणि डुकरांच्या पोत्यातलं एकच का गं?’

‘नाव तर एकच दिसतंय.’

‘मग डॉक्टरांनी एवढ्या दिवसांत सांगितलं का नाही?’

‘अगं, मीठ आपण गुरांनाही चाटवतो आणि आपल्या जेवणातही घालतो. त्यात सांगायचं काय?’

ती गप्प झाली. ब्रीडा गप्प झाली की मला धडकी भरते.

त्याच सुमारास औषधाचा नवा डबा आला. झाकण निळ्याऐवजी पांढरं. अक्षरं कुठल्याशा परक्या भाषेतली, वर नुसती एक चिठ्ठी चिकटवलेली. पावडर थोडी गोळे झालेली. औषधवाल्यानं शपथेवर सांगितलं की तेच आहे, फक्त बनवणारे बदललेत. ‘तेच आहे तर झाकण का बदललं?’ ब्रीडानं मला दुकानात येऊन विचारलं. मला गिऱ्हाईक होतं. मी म्हटलं, ‘झाकण पोरीला खायला घालायचं नाहीये ना?’ गिऱ्हाईक हसलं. ती तशीच निघून गेली.

पुढच्या तपासणीत ग्रॉन्याचा आकडा वर. त्याच्या पुढच्या वेळी आणखी वर. हेनेसीबाईंचा फोन आला. अगदी नरमाईनं बोलल्या, पण विचारायचं ते विचारलंच. पोरीला कुणी चोरून काही खायला देतंय का? या वयात मुलं करतात असं, आणि मोठ्यांना दया येते.

झालं! ब्रीडाच्या हातात कोलीतच दिलं बाईंनी. आधी शाळेची पाळी. स्वयंपाकघरात शिरून तिनं कचऱ्याचा डबा उपसला. मग मैत्रीण शिनेडच्या आईची. ‘माझी मुलगी तुमच्याकडे शनिवारी काय खाऊन गेली?’ ‘एक सफरचंद हो.’ ‘आणि सफरचंदाबरोबर?’ ती बाई आजतागायत तिच्याशी बोलत नाही. मग फादर कूगन. प्रसादाची पोळी हल्ली जाड झाली आहे का, पीठ कुठून आणता, माझ्या मुलीला द्याल ती अर्धी तोडून द्या. फादर म्हणाले, ‘ब्रीडा, ती पोळी आत्म्यासाठी असते.’ ही म्हणाली, ‘जाते पोटातच ना, फादर?’

मग माझी पाळी आली. येणारच होती. खाटकाचं दुकान माझं, आणि शाळा सुटल्यावर ग्रॉन्या लारची वाट बघत माझ्याच मागच्या खोलीत अभ्यास करत बसायची. शुक्रवारची गर्दी होती. ब्रीडा सरळ आत गेली, पोरीची हनुवटी धरली.

‘तोंड उघड.’

‘आई, सगळे बघतायत.’

‘उघड म्हणते ना!’

पोरीनं तोंड उघडलं. ब्रीडानं वास घेतला, दात बघितले, बाजारात घोड्याचे बघतात तसे. मग बाहेर येऊन सगळ्या गिऱ्हाइकांसमोर माझ्याकडे बोट केलं.

‘हीच देते. हीच देते तिला सॉसेज.’

माझ्या हातातली सुरी मी खाली ठेवली. ठेवली हे बरं झालं.

‘ब्रीडा, शुद्धीवर आहेस का? डोनल याच दुखण्यानं माझ्या मांडीवर गेला. मी देईन तिला? मी?’

‘आणि डोनलला कोण खायला घालत होतं?’ ती म्हणाली. ‘अंडी, दूध, डुकराच्या मांसाचे रॅशर. घरातलीच माणसं ना? मायेनंच ना?’

बाई गं. खोटं बोलली असती तर मी सोडली नसती. पण ती खरं बोलली होती. मीच ते सगळं त्याच्यासाठी शेतात न्यायचे, फडक्यात बांधून, गरम गरम.

‘चालती हो माझ्या दुकानातून,’ एवढंच म्हटलं. ती पोरीला हाताला धरून गेली. ग्रॉन्या वळून माझ्याकडे बघत होती, डोळे भरलेले. त्या दिवसापासून येणंजाणं बंद.

त्यानंतर ब्रीडानं जे केलं ते गावात कुणाला खरं वाटेना. पोर आजारी आहे असं शाळेत कळवलं आणि तिला घरात ठेवलं. दाराला आतून कडी. पोरीच्या खोलीत स्वतःचं अंथरूण. चर्चला जाणं बंद, शिनेडचं येणं बंद, लारचे डबे, लारचे खिसेसुद्धा तपासायची. सख्ख्या बापाचे खिसे! आणि ऐन हंगामात, ट्रेलर भरलेला असताना, ती कारखान्यावर गेली नाही. लार एकटाच गेला. काट्यावरची माणसं टोप्या काढून विचारायला लागली, ‘काय झालं? गेल्या का बाई?’

तीन आठवड्यांनी लार माझ्या दुकानाच्या मागच्या दारी आला. टोपी हातात.

‘टेसी, परवा त्यांना डब्लिनला तू ने.’

‘मी? तिचं तोंड बघायची इच्छा नाही मला.’

‘माझी कारखान्याची पाळी आहे, चुकवली तर माल शेतात सडेल. तिला शहरात मोटार चालवता येत नाही.’ मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘पोर पुस्तक नाकाला लावून वाचतेय गं. मला भीती वाटते.’

डोनल तसाच वाचायचा. मी गाडीची किल्ली घेतली.

सबंध वाटेत ब्रीडा माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पोरीबरोबर मागच्या सीटवर बसली, मांडीवर खाण्याची पिशवी घट्ट धरून. आरशात मी तिचा चेहरा बघत होते. खंगली होती बाई. पण डोळ्यांत एक प्रकारची चमक होती. तिच्या हिशेबानं आज आकडा खाली येणार होता. आकडा खाली आला की ठरणार होतं की कुणीतरी देत होतं, आणि ते कुणीतरी गाडी चालवत होतं.

रक्त आदल्या आठवड्यात गावातल्या नर्सनं घेऊन पाठवलेलं होतं. डॉक्टरांनी ग्रॉन्याचे डोळे तपासले. भिंग अजून जागेवर आहे, म्हणाले, पण हलायला लागलं आहे, असंच चाललं तर फार दिवस नाही राहणार. मग हेनेसीबाईंनी कागद पुढे ओढला.

‘आकडा आणखी वर गेलाय,’ त्या म्हणाल्या. ‘आजवरचा सगळ्यात जास्त.’

‘शक्य नाही,’ ब्रीडा म्हणाली.

‘मिसेस केहो, या तीन आठवड्यांत तिच्याजवळ कोण कोण होतं?’

‘कोणीच नाही. मी कुणाला फिरकू दिलं नाही. शाळा नाही, मैत्रीण नाही. ही बाई,’ माझ्याकडे न बघता, ‘ही तर नाहीच. बापालासुद्धा एकटं भेटू दिलं नाही. सकाळपासून झोपेपर्यंत मी. रात्रीसुद्धा मी. फक्त मी होते.’

ती बोलत होती आणि बोलता बोलता तिचा आवाज बसत गेला. स्वतःचंच वाक्य तिला ऐकू आलं असावं. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. मी पण. तिनं एकेक करून सगळ्यांना वगळलं होतं.

‘पथ्य बरोबर आहे,’ हेनेसीबाई हळूच म्हणाल्या. ‘माझी खात्री आहे. मग बीटेन? ते चालू आहे ना?’

‘देते की.’

‘चमचा सपाट करून?’

ब्रीडा गप्प. मला धडकी भरली.

‘डब्यातलं नाही देत,’ ती म्हणाली. ‘मळी देते. कारखान्याची. डुकरांसाठी पिंप आणतो ना आम्ही, त्यातली. दोन मोठे चमचे गरम पाण्यात.’ मग भराभर बोलायला लागली. ‘त्या डब्याचं झाकण बदललं होतं. गोळे झाले होते. कुणाला विचारलं तर तेच आहे, तेच आहे. मी एका कोंबडीला घालून बघितलं. तिला काही झालं नाही. मेली नाही, आजारी पडली नाही. मग असल्या औषधात दम तो काय? बीटेन मळीत असतं, त्या माणसानं भर हॉलमध्ये सांगितलं. मळी माझ्या बीटाची आहे. ते मी पेरलंय, मी उपटलंय, माझ्या डोळ्यांसमोर तोललंय. त्यात कुणी काही मिसळलेलं नाही.’

हेनेसीबाईंनी तिला मूर्खात काढलं नाही, हे त्यांचे उपकार. त्या म्हणाल्या, ‘मळीत असतं, खरं आहे. पण थोडं. तुम्ही देता त्यातून तिला लागतं त्याचा जेमतेम तिसरा भाग मिळत असेल, तोही कदाचित. एका पिंपात किती, दुसऱ्यात किती, कोण सांगणार? आणि मळीत इतरही पुष्कळ काही असतं, जे तिला नकोय. डब्यात फक्त तेच आहे. तोललेलं.’

माझा ताबा सुटला.

‘जन्मभर काट्यापाशी उभी राहिलीस गं! बोटभर मुंडी जास्त छाटली तरी भांडायचीस. आणि पोरीच्या पेल्यात न मोजता ओतलंस?’

ती माझ्यावर उलटली नाही. त्यानंच मी घाबरले. तिचे हात पिशवीवर तसेच होते. तिनं ग्रॉन्याकडे बघितलं.

‘तू का नाही बोललीस? तुला तर चव कळत होती.’

ग्रॉन्या चौदा वर्षांची. ती खांदे उडवून, अगदी साध्या आवाजात म्हणाली, ‘तू कुणाचंच खरं मानत नाहीस, आई. मग तू दिलंस म्हणजे तपासूनच दिलं असणार. मी नाही विचारलं.’

ब्रीडा उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. तिला रडताना मी कधी पाहिलेलं नाही, आणि तेव्हाही पाहू दिलं नाही तिनं. हेनेसीबाईंनी कपाटातून डबा काढला, चमचा काढला, पाण्याचा पेला भरला. ग्रॉन्यानं तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकला आणि तोंड वाकडं केलं. ‘मळी बरी लागायची,’ म्हणाली. द्वाड कार्टी. मला त्या परिस्थितीतही हसू आलं.

गाडीपाशी आलो. पोर आत बसली. ब्रीडा बाहेरच उभी, दाराला हात लावून.

‘टेसी.’

‘काय?’

‘दुकानात सगळ्यांसमोर बोलले मी.’

‘बोललीस.’

‘डोनलचं बोलले.’

माफ केलं म्हणायला जीभ उचलेना, खोटं कशाला सांगू? पोराला मायेनं घास भरवला की हात किती हलका वाटतो, आणि तोच घास विष ठरू शकतो, ते मला माहीत होतं. आता तिलाही कळलं होतं. आम्ही दोघी त्या गाडीच्या दोन बाजूंना उभ्या होतो, आणि मला तिचा राग यायचा थांबला. कधी थांबला ते कळलं नाही.

‘उद्यापासून सकाळी दुकान उघडायच्या आधी ये,’ ती म्हणाली. ‘आणि संध्याकाळी बंद केल्यावर ये. मी पोरीला काय देते ते उभी राहून बघ. मी सांगेन त्यावर जाऊ नकोस. डबा बघ, चमचा बघ, पेला बघ.’

‘अगं, आता तुला कळलंय ना? मला कशाला घालतेस मध्ये?’

‘मला कळलं होतंच की. इतके दिवस मला सगळं कळत होतं.’

मग मी गेले. रोज जायचे. पहिल्या दिवशी डबा उघडून तिनं आधी माझ्यापुढे धरला. दुकानात अपमान केलेल्या बाईपुढे, स्वतःच्या स्वयंपाकघरात. चमचा भरला, सुरी फिरवली, थांबली. मी मान हलवल्याशिवाय पाण्यात टाकायची नाही. लार दारातून बघायचा आणि गुपचूप डुकरांकडे निघून जायचा.

ख्रिसमसनंतर आकडा उतरायला लागला. ईस्टरला हेनेसीबाईंनी फोनवर सांगितलं की जिथे हवा तिथे आला आहे, आणि डोळ्याचं भिंग होतं तिथेच आहे. जितकं हललं तितकं हललं, आता सांभाळायचं. ग्रॉन्या शाळेत जायला लागली. शिनेडच्या आईनं दार उघडलं नाही, पण शिनेडनं उघडलं.

त्या दिवशी मी ब्रीडाला म्हटलं, ‘चला, सुटले मी एकदाची. उद्यापासून माझी झोप मला परत दे बाई. आता तुझा तुला भरवसा आला ना?’

ती डब्यात चमचा बुडवत होती. वर बघितलंही नाही तिनं.

‘कारखान्यावर माझा भरवसा नाही. त्या औषधवाल्यावर नाही. तुझ्यावर अजून पुरता नाही, खरं सांगते. पण माझ्यावर मुळीच नाही.’ तिनं सुरी फिरवली आणि चमचा माझ्या नाकासमोर धरला. ‘बघ. नीट बघ. सपाट आहे?’

मी चष्मा चढवला, वाकून बघितलं, आणि म्हटलं, ‘आहे.’